आजोबांचं रीडिंग

सिस्टरनं आजींच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा सहा-सात वेळा दाबला, काटा खाली उतरेपर्यंत स्वतःचाच श्वास रोखून धरला आणि मग फोनवर आजोबांचं नाव उघडून त्यात आकडा भरला. एकशे बावन्न, नव्वद. फोननं हिरवी खूण दाखवली. आजोबांना जाऊन तेरा महिने झाले होते.

"थोडं वाढलंय," सिस्टर म्हणाली.

"त्यांचं वाढायचंच," आजी म्हणाल्या. "चिडका माणूस."

इंजिनिअर दाराजवळच्या स्टुलावर बसून हे सगळं पाहत होता. मेलेले रुग्ण रोज सकाळी फोनवर परत का येतात, एवढंच बघायला ऑफिसनं त्याला पाठवलं होतं. येताना त्यानं संभाव्य कारणांचा एक तक्ता करून आणला होता. त्यात तीन कारणं होती आणि प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन होता. आत्ता जे चाललं होतं त्याला चौकोन नव्हता.

"हे तुम्ही रोज करता?" त्यानं विचारलं.

"रोज नाही. रविवारी सुट्टी असते," सिस्टर म्हणाली. "रविवारी आजोबा विश्रांती घेतात."

घरभेट सेवेत अशा बाहत्तर सिस्टर होत्या. प्रत्येकीकडे एक फोन आणि फोनमध्ये तिच्या रुग्णांची यादी. रोज दुपारी बारा वाजता फोननं ऑफिसच्या कंप्युटरशी जुळणी करायची. दिवसभरात काय बदललं ते एकमेकांना सांगायचं, म्हणजे दोघांकडे सारखीच यादी राहील, असा हेतू. पण फोन चार वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, चौघांची बोलायची पद्धत चार प्रकारची होती, आणि कंप्युटरला जे समजत नसे ते तो सरळ कानाआड करी. रुग्ण गेला की सिस्टर फोनवरून नाव काढी. कंप्युटर ते परत पाठवी.

"पहिल्या दिवशी नाव काढलं," सिस्टर गोळ्यांचं पाकीट शोधत म्हणाली. "दुसऱ्या दिवशी आजोबा हजर. परत काढलं. परत हजर. जिवंतपणी इतके वक्तशीर नव्हते."

"होते," आजी म्हणाल्या. "तीस वर्षं लोकांच्या घरी पाण्याचे मीटर वाचले त्यांनी. लोक त्यांच्यावर घड्याळ लावायचे. आता त्यांचा मीटर मी चालवते."

"साहेबांना सांगितलं नाहीत?" इंजिनिअरनं विचारलं.

"सांगितलं की. म्हणाले, यादीत नाव आहे तर भेट द्या. भेट नाही दिली तर रजा लागेल." सिस्टरनं फोन त्याच्यासमोर धरला. "आणि हे बघ. रीडिंग भरल्याशिवाय पुढचं नावच उघडत नाही. आजोबांच्या पुढे माझी अकरा घरं आहेत. करू काय? पहिल्या दिवशी माझं स्वतःचं बीपी मोजून भरलं. संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप. प्रकृतीत आश्चर्यकारक सुधारणा, गोळ्या कमी करा."

"मेल्यावर सुधारले," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं पट्टा आजींच्या दंडाला लावला होता. आकडा बघून ती खाली बसली होती. आजींचं स्वतःचं नाव ऑफिसच्या खिडकीवरच्या वहीत होतं, प्रतीक्षेत, सहाशे बारावं. वही वर्षाला साधारण नव्वद नावं पुढे सरके. आजींचं वय एकोणऐंशी होतं. हिशेब सिस्टरनं मनातल्या मनात केला आणि आकडा आजोबांच्या नावावर भरला. चौथ्या दिवशी आजोबांच्या नावानं गोळ्या आल्या.

आता तिनं पाकिटातली एक गोळी छोट्या कातरीनं बरोबर मधोमध तोडली. मग दुसरी, तिसरी, चौथी. सात खणांची एक प्लास्टिकची डबी होती, तिच्या प्रत्येक खणात तिनं अर्धी अर्धी टाकली.

"कंप्युटरच्या लेखी आजोबा ब्याऐंशी किलोचे," ती इंजिनिअरकडे न बघता म्हणाली. "डॉक्टर त्या मापानं लिहितात. आजी त्रेचाळीस किलोच्या. डोळ्यांत मोतीबिंदू. डबीत जे असेल ते गिळतात. म्हणून मी भरून जाते."

आजींनी डबी पदरानं पुसून उशाशी ठेवली आणि इंजिनिअरकडे तोंड वळवलं. त्या त्याच्या किंचित डावीकडे बघत होत्या.

"तू यांना काढायला आलास का रे बाळ?"

"नाही आजी. म्हणजे, जुळणी दुरुस्त करायला."

"तेच ते." आजींनी हात लांबवून डबी चाचपली. "एकदम काढू नकोस. आधी चार दिवस आजारी पाड. मागच्या वेळी फार अचानक गेले."

इंजिनिअरनं तक्त्याची घडी घातली आणि ती खिशात टाकली.

जिन्यात सिस्टरनं त्याला गाठलं.

"रिपोर्टमध्ये काय लिहिणार आहेस?"

"जे आहे ते."

"मग लिही, घरात एक बाई जिवंत आहे."

"त्यांचं नाव यादीत नाही, सिस्टर."

"ते मला माहीत आहे. तेच सांगतेय, इंजिनिअर."

ऑफिसात त्याच्या टेबलावर साडेतीनशे पानांचा एक गठ्ठा होता. फोन आणि कंप्युटर बनवणाऱ्या कंपन्यांनी, ज्यांचं चार्जरच्या भोकावरसुद्धा कधी एकमत झालं नव्हतं, एकत्र बसून एक मानक लिहिलं होतं आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. कुणीही वापरावं, कुणाची परवानगी मागू नये. फोन कोणत्याही कंपनीचा असो, त्यानं कंप्युटरशी कोणत्या शब्दांत बोलायचं ते त्यात ठरलेलं होतं. हे नवं आलं, हे बदललं, हे काढलं. मागच्या भेटीत आपण कुठे थांबलो होतो ते दोघांनी लक्षात ठेवायचं. आठवण जुळली नाही तर चिडायचं नाही, पहिल्यापासून सगळं शांतपणे ताडून पाहायचं. हे वाचताना इंजिनिअरला नेहमी वाटे, की या मानकाची एक प्रत घरी आईबाबांना द्यावी.

त्याचं काम हेच होतं. चारही प्रकारच्या फोनना आणि कंप्युटरला हे मानक शिकवायचं. शिवाय जन्ममृत्यू कार्यालयाकडून दर सोमवारी सकाळी आठ वाजता मृतांची यादी येणार होती आणि ती नावं कंप्युटर आपणहून काढणार होता.

"मेलेला माणूस मेलेलाच राहिला पाहिजे," साहेब बैठकीत म्हणाले. "सेवेची तेवढी तरी इज्जत राहू दे."

"एक प्रश्न आहे साहेब. कंप्युटरनं सकाळी नाव काढलं आणि त्याच सकाळी फोनवर त्याच नावात रीडिंग भरलं गेलं, तर बारा वाजता कोणाचं खरं धरायचं?"

"मानक काय म्हणतं?"

"तुमचं तुम्ही ठरवा, असं म्हणतं."

"साडेतीनशे पानं लिहून?" साहेबांना मनापासून वाईट वाटलं. "मग तुम्हीच ठरवा. मला त्यातलं तांत्रिक कळत नाही. मी सही करतो."

इंजिनिअरनं नियमांच्या मसुद्यातला तो रकाना दोन दिवस रिकामा ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं: *एका बाजूनं नोंद काढली व दुसऱ्या बाजूनं बदलली, असा पेच आल्यास बदल ग्राह्य धरावा. कारण, जिथून रीडिंग येतं तिथे मोजायला कोणीतरी आहे.* त्यानं ते तीनदा वाचलं. खोटं काहीच नव्हतं.

सेवेच्या डॉक्टरांनी मसुदा चाळला आणि एकच दुरुस्ती सुचवली.

"औषधाचा रकाना आमचा. तिथे कायम कंप्युटरचंच खरं धरा. उद्या सिस्टर मनानं डोस लिहायला लागल्या तर पंचाईत होईल."

यात न पटण्यासारखं काही नव्हतं. इंजिनिअरनं ती ओळ पान नऊवर घातली. अर्धं मिनिट लागलं असेल. साहेबांनी सही कुठे करायची ते शोधत मसुद्याची चौदाही पानं उलटली आणि सही केली.

पहिल्या सोमवारी आठ वाजता कंप्युटरनं दोनशे चौदा मेलेले रुग्ण काढले. बारा वाजता बाहत्तर फोनांनी जुळणी केली. इंजिनिअर स्क्रीनसमोर चहा घेऊन बसला होता. तो एका माणसाची वाट बघत होता.

एकतीस माणसं उठली.

त्यानं चहा खाली ठेवला आणि पुन्हा मोजलं. एकतीसच होती. शहरभर पसरलेली, सतरा वेगवेगळ्या सिस्टरांच्या यादीतली.

साहेबांपर्यंत आकडा पोचला तेव्हा ते स्वतः टेबलाशी आले. "एकतीस मेलेली माणसं परत कशी आली?"

"नियमाप्रमाणे, साहेब."

"नियमाप्रमाणे ना? मग असू दे," साहेब म्हणाले आणि समाधानानं निघून गेले.

त्यानं सिस्टरला फोन लावला. "तुम्ही हे आणखी कोणाकोणाला सांगितलं होतंत?"

"मी कशाला सांगू? बाहत्तर जणी आहोत आम्ही. तुला काय वाटलं, मला एकटीलाच डोकं आहे?" मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली. "बरं, मला एक सांग. आता मी लिहिते ते राहतं का? की तुझा कंप्युटर परत पुसून टाकणार?"

"राहतं. तुम्ही फोनवर लिहाल ते आता राहील."

हे बोलताना त्याच्या तोंडात डब्यातला घास होता आणि आवाजात अभिमान होता. पान नऊ त्याला आठवलंसुद्धा नाही.

त्यानंतर दर सोमवारी आठ वाजता आजोबा मरत आणि बारा वाजता उठून बसत. इंजिनिअरला त्यांची ओळ तोंडपाठ झाली. एकशे बावन्न, एकशे सेहेचाळीस, एकशे अठ्ठेचाळीस. कधीतरी एकशे साठ येई. मग तो सिस्टरला निरोप पाठवी, "आजोबा चिडलेत का?" तिचं उत्तर येई, "शेजाऱ्यांशी भांडल्या." उठणाऱ्यांची संख्या एकतीसवरून तीस झाली, मग अठ्ठावीस. ती का घटते हे त्यानं कुणाला विचारलं नाही.

चौथ्या महिन्यातल्या एका सोमवारी बारा वाजून गेले आणि आजोबा उठले नाहीत.

चूक असणार, असं त्याला वाटलं. त्यानं घड्याळं तपासली. फोन आणि कंप्युटर यांच्यात दोन सेकंदांचा फरक होता. दोन सेकंदांनी कुणी मरत नाही. त्यानं मागच्या भेटीचा क्रमांक तपासला, तो जुळत होता. मग आपण लिहिलेला सगळा भाग ओळीनं वाचून काढला. साडेतीनशे पानांच्या गठ्ठ्यातली संबंधित चाळीस पानं वाचली. जेवायला गेला नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काही बिघडलंय का?" तर तो म्हणाला, "बिघडलेलं असलं पाहिजे."

चार वाजता त्यानं आजोबांची नोंदवही उघडली. तिच्यात सगळं होतं.

*सोमवार, ८:००. कंप्युटरवरून काढले.*
*सोमवार, १०:४०. फोनवरून काढले.*
*दोन्हीकडे एकच. पेच नाही.*

फोनवरून कुणीतरी स्वतः नाव काढलं होतं. त्यानं वर सरकवलं. शनिवारचं रीडिंग शहाण्णव होतं. शुक्रवारी एकशे चार. त्याच्या वर डॉक्टरांचा शेरा होता, औषध चांगलं लागू पडत आहे, चालू ठेवा. बुधवारी एकशे अठरा. आधीच्या आठवड्यात एकशे तीस, एकशे सदतीस, एकशे पंचेचाळीस. तो चढत गेला तसे आकडे चढत गेले. अगदी वर, चौदा दिवसांपूर्वीच्या तारखेला, एक ओळ होती.

*औषध. फोनवर: अर्धी. कंप्युटरवर: एक. कंप्युटर ग्राह्य.*

त्यानं ती ओळ वाचली. मग उठून पाणी प्यायला गेला, आणि पाणी न पिता परत आला.

सिस्टर गुरुवारी आली. मुलीच्या बाळंतपणासाठी ती सतरा दिवस रजेवर होती. तिच्या जागी बदली सिस्टर घरं करत होती. पर्स तिनं टेबलावर ठेवली, पण बसली नाही.

"काय झालं?" इंजिनिअरनं विचारलं.

"मुलगी. साडेतीन किलो. दोघी बऱ्या आहेत." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "आजी रविवारी सकाळी मोरीत पडल्या. उठल्या, चक्कर आली, पडल्या. शेजारणीनं दुपारी बघितलं. सोमवारी बदलीवाली गेली तर दाराला कुलूप. तिनं आजोबांचं नाव काढलं. पुढची घरं उघडायला हवी होती ना तिला."

इंजिनिअरनं खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती उभीच राहिली.

"मला एक सांग. जायच्या आधी मी फोनवर अर्धी लिहिली होती. औषधाच्या रकान्यात, तिला दिसेल अशी. बदलीवाली म्हणते, तिथे एक होतं. तिनं डबीत एकेक भरली. फोन दाखवला मला तिनं. एकच आहे."

इंजिनिअरनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यालाही ठरवता आलं नाही.

"तू म्हणाला होतास लिहाल ते राहील, म्हणून लिहिलं. नाहीतर कागदच चिकटवला असता डबीवर." ती थांबली. "पण लिहिलं की नाही तेच आता आठवेना. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, रिक्षा खाली उभी होती. लिहिलं असं वाटतंय. पण हल्ली मला गॅस बंद केला असंही वाटतं आणि घरी येऊन बघते तर चालू असतो. बदलीवाली रडून रडून बेजार झालीय. तिला म्हटलं, तुझी नाही गं चूक, माझीच असेल."

इंजिनिअरकडे एक वाक्य तयार होतं. सोमवारपासून त्यानं ते घासूनपुसून ठेवलं होतं. त्या दिवशी नेटवर्क गेलं असेल. चांगलं वाक्य होतं. त्यात कुणीच दोषी नव्हतं आणि नेटवर्क अधूनमधून जायचंच. त्यानं तोंड उघडलं.

मग त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली.

सिस्टरनं चष्मा लावला. स्क्रीनवर बोट ठेवून ती एकेक शब्द वाचत गेली, लहान मुलं वाचतात तशी. तारखेवर थांबली. अर्धी या शब्दावर थांबली.

"ग्राह्य म्हणजे?"

"म्हणजे कंप्युटरचं खरं धरलं. औषधाच्या रकान्यात फोनचं धरत नाही."

"कोणी ठरवलं?"

"पान नऊवर आहे. मी लिहिलंय."

"तू तर म्हणालास, राहील."

"हो."

ती खुर्चीत बसली. पलीकडे छपाईचं यंत्र कुणाच्या तरी रजेचे अर्ज एकामागून एक बाहेर टाकत होतं. ते थांबलं.

"म्हणजे लिहिलं होतं मी," ती म्हणाली.

"हो."

"वेळ पण आहे इथे."

"नऊ वाजून बारा मिनिटं."

"रिक्षा सव्वानवाला होती." तिनं मान हलवली, आणि मग बराच वेळ हलवत राहिली. तो वाट बघत होता. ती काहीतरी म्हणेल, ओरडेल, निदान साहेबांकडे तरी जाईल. तिनं पर्स उघडून रुमाल काढला, तो नुसताच हातात धरला आणि परत आत ठेवला.

"आजोबांचं काय?"

"गेले. दोन्हीकडून. आता परत नाही येणार."

"बरं. आजींचं काढ आता. मृत्यूची नोंद करावी लागेल ना आपल्याला. कारणासकट लिही. गोळीचं लिही, पान नऊ लिही, सगळं लिही. मी खाली सही करते."

"तुम्हाला सही करायची गरज नाही."

"मी करते म्हटलं ना."

त्यानं नोंदीचा फॉर्म उघडला. पहिला रकाना नावाचा होता. त्याची बोटं तिथेच थांबली.

"नाव काय त्यांचं?"

सिस्टरनं त्याच्याकडे बघितलं, आणि मग नाव सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. त्यानं ते टाइप केलं. कंप्युटरनं शोधलं. बाहत्तर याद्यांमधून, चार कंपन्यांच्या फोनांमधून, मेलेल्यांतून आणि उठलेल्यांतून. फार वेळ लागला नाही.

"काय म्हणतो?"

"असा रुग्ण नाही म्हणतो."

"पुन्हा बघ," सिस्टर म्हणाली. "नाव नीट घातलंस का?"

नाव त्यानं नीट घातलं होतं. त्यानं पुन्हा बघितलं.